आतून शिवलेला झरोका

सांगते ते खरं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. शपथा घेत बसायला मला वेळ नाही आणि हौसही नाही.

मी तंबू दुरुस्त करते. खाली दुकान, वर घर, आणि दुकानाच्या मागे लांबलचक वाळवणीची खोली. डोंगरात भटकणारे लोक फाटलेले, बुरसटलेले तंबू आणून टाकतात. मी ते धुते, शिवते, शिवणींवर लेप देते आणि मागच्या खोलीत टांगून वाळवते. आमचे हे गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, मी तिखट बोलते. दोघांचं मिळून दुकान चालतं.

मी घाबरट बाई नाही. त्या खोलीत दिवा न लावता हजारदा गेले असेन. टांगलेले तंबू वाऱ्याने हलतात, माणसं उभी असल्यासारखी दिसतात. मी त्यांच्यामधून वाट काढत, बडबड करत फिरायचे.

आता त्या खोलीला कुलूप आहे.

किल्ली कुठे आहे ते मला माहीत आहे. यांना नाही... आणि कळूही देणार नाही.

ही गोष्ट माझ्या धाकट्या दिराची.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळे त्याला जेवू घालायला मी, अभ्यासावरून ओरडायला मी, आणि आजारपणात उशाशी बसायलाही मीच. नावाला दीर, पण वाढवला मुलासारखा. मी त्याला ‘तोळोबा’ म्हणायचे, कारण त्याला वजनाचं वेड. डोंगरात जाताना दात घासायचा ब्रश अर्धा कापून न्यायचा. टॉवेलचा चतकोर न्यायचा. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठीसुद्धा कातरून टाकायचा.

“अरे, त्या चिठ्ठीचं वजन ते केवढं!” मी म्हणायचे.

“वहिनी, तोळ्यातोळ्यानेच मण होतो.”

नोकरीही तशीच मिळाली. पाऊस मोजणाऱ्या खात्यात. डोंगराच्या धारेवर ठिकठिकाणी पावसाची मापं बसवलेली आहेत. ऐन पावसात पायी फिरून ती तपासायची. लोक पाऊस आला की घरात पळतात, आमचा तोळोबा पाऊस आला की घराबाहेर पळायचा.

मग तो एकदा ओल्या कातळावरून घसरला. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने बजावलं, “पाठीवर हलकंच ओझं घ्यायचं. जड उचललंत तर पाय जाईल, तो परत येणार नाही.” खात्याने सांगितलं, एक फेरी करून दाखवा, जमली तर ठीक, नाही तर कायमचं टेबलाशी बसा.

“खुर्चीत बसवलं तर मी तिथेच वाळून जाईन, वहिनी,” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

म्हणून तो हलका तंबू शोधायला माझ्याकडे आला.

दुपार होती. बाहेर पाऊस धरलेला. मी दुकानात तीन-चार तंबू काढून ठेवले आणि वजन करायला ताणकाटा आणला.

“हा दुहेरी,” मी म्हटलं. “आत एक कापड, बाहेर एक कापड. तुझ्या श्वासाची वाफ बाहेरच्या कापडावर जमते, अंगावर पडत नाही. सात दिवस पाऊस पडला तरी कोरडा झोपशील.”

त्याने काट्याला लावला आणि तोंड वाकडं केलं. “हा उचलला तर डॉक्टर मलाच उचलून नेईल.”

“मग ताडपत्री घे. दोन काठ्या, चार दोऱ्या. सगळ्यात हलकी.”

“आणि धारेवर पाऊस आडवा येतो, तेव्हा?”

“तेव्हा भिज!”

आमचे हे गल्ल्यामागून म्हणाले, “अगं, त्याला एकेरी दे ना एखादा.”

“एकेरी म्हणजे रात्रभर आपल्याच श्वासात झोपायचं,” मी म्हटलं. “माणूस झोपेत किती पाणी सोडतो ठाऊक आहे? कापड एकच. ती वाफ आतून जमते आणि पहाटे टपटप तोंडावर गळते. गिऱ्हाईक येतं मग माझ्याकडे, तंबू गळतो म्हणून. तंबू गळत नाही बाबा, तू गळतोस!”

दोघं हसले. मीही हसले. हे माझं ठरलेलं कीर्तन होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, पाऊस आला तरी झरोका बंद करू नका. थोडं भिजा, पण हवा खेळती ठेवा. हवा कोंडली की सगळं संपलं.

तोळोबाचं लक्ष मात्र मागच्या खोलीकडे गेलं होतं.

“तो राखाडी कुणाचा?”

तो तंबू दोन-तीन वर्षं तिथे टांगलेला होता. एक उंच, वाळकासा माणूस घेऊन आला होता. आमच्या दुकानात लोक चेन बिघडली म्हणून येतात. हा म्हणाला, चेन चांगली आहे. फक्त ती बाहेरून उघडता येणार नाही असं करा. चेन ओढायची रनरची बाहेरची पट्टी मी कापून टाकली. म्हटलं असेल हाही कुणी तोळोबा, वजन वाचवतोय.

तो परत आलाच नाही.

दोन पावसाळे कुणी न्यायला आलं नाही तर वस्तू दुकानाची, हा आमचा नियम. तशी पाटीच लावलेली आहे.

तोळोबाने तो काट्याला लावला आणि लहान मुलासारखा ओरडला. “वहिनी! हा तर हवेचाच बनवलाय!”

खरंच हलका होता. एकेरी, पण कापड इतकं बारीक की आतला हात बाहेरून दिसावा. एका माणसाचा. दार एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला झरोका.

झरोका शिवलेला होता.

जाड काळा दोरा, तोही दुहेरी. टाके वाकडेतिकडे, एक लांब, एक आखूड, एकावर एक. आणि सगळे आतून घातलेले. शेवटच्या टाक्यात सुई तशीच मोडून अडकली होती.

मी हसले. “बघा कुणा अडाण्याची करामत! पाऊस आत येतो म्हणून झरोकाच शिवून टाकला. गुदमरला असेल मेला.”

आणि मी टाके उसवायचं पातं घेऊन ते सगळे टाके उसवले. दोरा कचऱ्यात टाकला. झरोका मोकळा केला. काम नीट केल्याचं समाधानसुद्धा वाटलं मला. आता आठवलं की हात कापून टाकावेसे वाटतात.

तंबू देण्याआधी मी तो नेहमी मागच्या खोलीत उभारते. वरून पाणी मारते, एक रात्र तसाच ठेवते, सकाळी आतून हात फिरवून बघते. तसाच हाही ठेवला.

सकाळी गेले. बाहेरून कापड वाळलं होतं. शिवणी कोरड्या. मी दारातून डोकं आत घातलं...

आत ओल होती.

सगळीकडे नाही. एकाच जागी, झरोक्याच्या खाली. लांबट गोल ठसा. हिवाळ्यात आरशासमोर तोंड नेलं की जसं उमटतं, तसा.

मी फडक्याने पुसला.

फडकं बाजूला ठेवलं आणि वळून बघितलं...

परत होता.

मी तिथेच बसून राहिले. ठसा हळूहळू मोठा झाला. मग लहान झाला. मग परत मोठा झाला.

मी हात लावला. कापड गरम होतं.

तंबूत कुणी नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. मी बाहेर आले, तंबूभोवती फिरले, झरोक्याच्या मागे बघितलं. मागे भिंत होती आणि मध्ये वीतभर मोकळी जागा. आणि त्या जागेत उभं राहिल्यावर, खोटं कशाला बोलू, माझ्या पाठीवर काटा आला.

यांना सांगितलं. हे म्हणाले, “फरशी ओलसर आहे गं. वाफ धरत असेल.”

“अहो, वाफ लहान-मोठी होते का?”

यांनी हिशेबाची वही ओढली. येऊन बघितलंही नाही.

तोळोबाला सांगितलं तर तो म्हणाला, “बरं झालं. धारेवर एकटं वाटतं, तेवढीच सोबत!”

मी चिडले. म्हटलं, “हा तंबू तू न्यायचा नाहीस. बस्स. दुहेरी ने. पाठीचं काय ते मी बघते.” मी माझ्या हाताने दुहेरी तंबू त्याच्या सॅकमध्ये भरला. त्याचं बाकीचं सामान काढून काढून वजन कमी केलं. सुई-दोऱ्याची छोटी डबी तेवढी ठेवली, नारिंगी दोऱ्याचं रीळ घालून. त्याने मान डोलावली. चहा घेतला, माझ्या पाया पडायचं नाटक केलं, नेहमीसारखं, आणि गेला.

दुपारी मी वाळवणीच्या खोलीत गेले.

दुहेरी तंबू कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेला होता. त्याच्यावर नारिंगी दोऱ्याचं रीळ.

राखाडी नव्हता.

मी फोन लावला. पहिल्या मुक्कामावर थोडी रेंज असते. तिन्हीसांजेला लागला.

“चोरा!” मी म्हटलं.

“वहिनी, रागावू नकोस. पाठीला ओझं कळतसुद्धा नाही बघ. किती दिवसांनी सरळ चालतोय मी. आज मापं तपासताना गाणी म्हणत होतो.”

तो इतका खुशीत होता की मी पुढे ओरडलेच नाही. सरळ चालतोय म्हणाला. ऑपरेशननंतर त्याला भिंत धरून चालताना बघितलं होतं मी.

“बरं ऐक,” मी म्हटलं. “झरोक्याखाली डोकं करू नकोस. तिकडे पाय कर. डोकं दाराकडे.”

“जशी आज्ञा.”

“आणि रीळ का ठेवून गेलास?”

“अख्खं रीळ कशाला? सुई आणि हातभर दोरा काडीला गुंडाळून घेतलाय. पुरे होतो.”

दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही. धारेवर लागत नाहीच, म्हणून मी मनाला समजावलं. पाऊस वाढला होता. बातम्यांत ओढे फुगल्याचं सांगत होते.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी फोन वाजला. खिंडीतून होता. तिथे कधीमधी रेंज येते.

“वहिनी...”

मी ओळखलंच नाही आधी. आवाज अगदी बारीक.

“काय रे? पाठ दुखतेय?”

“पाठ मस्त आहे.” थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. “वहिनी, झोपलं की तोंडावर वारं येतं.”

“झरोक्यातून येत असेल.”

“गरम येतं.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“मला आधी वाटलं माझाच श्वास. कापडाला लागून परत येत असेल. तू म्हणतेस ना, एकेरी म्हणजे आपल्याच श्वासात झोपायचं.” मग म्हणाला, “म्हणून मी श्वास रोखून बघितला, वहिनी. मी रोखला... तरी चालूच राहिलं.”

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. आमचे हे समोर येऊन उभे राहिले, काय झालं म्हणून खुणेने विचारू लागले.

“तू आत्ताच्या आत्ता बाहेर ये,” मी म्हटलं. “तंबू टाक तिथेच. पावसात बस. भिजलास तर भिजलास. खाली ये.”

“ओढा छातीएवढा आहे. खाली नाही येता येणार.”

“मग नुसता बाहेर ये!”

“बाहेरच तर आहे ते.”

हे त्याने इतकं हळू सांगितलं की मला आधी कळलंच नाही.

“काल झरोक्याशी होतं. आज चारी बाजूंनी फिरतंय. कापडाला तोंड लावून. चेन बाहेरून उघडत नाही त्याला. झरोका तेवढा उघडा आहे.” मग त्याने विचारलं, “वहिनी, तू ते टाके का गं उसवलेस?”

रागाने नाही विचारलं. लहानपणी खेळणं मोडलं की विचारायचा, तसं विचारलं.

मी रडायला लागले.

“रडू नकोस. मला पक्की टीप कशी घालायची ते सांग. धावदोरा नको. तो ओढला की उसवतो.”

मी सांगितलं. डोळे पुसत पुसत सांगितलं, जसं शिकाऊ पोरींना सांगते तसं. सुई पुढे काढ. एक टाका मागे घे. परत पुढे काढ. दोरा ताण, पण कापड गोळा होऊ देऊ नकोस. मला पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, सुई कापडातून जाताना होणारा चर्रर्र आवाज ऐकू येत होता. आणि त्या दोन्हींच्या मागे...

अजून एक श्वास. लांब. सावकाश. त्याला कसलीच घाई नव्हती.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “अरे, मी दादा बोलतोय. घाबरू नकोस. मी येतो. आत्ता निघतो.”

मी फोनला कान लावून ऐकत होते. तोळोबा म्हणाला, “दादा, दोरा संपत आला रे.”

मग रेंज गेली.

माझं सगळं आयुष्य दोऱ्यात गेलं. दुकानात पोत्याने दोरा पडून आहे. आणि माझ्या पोराला तिथे हातभर दोरा कमी पडत होता.

हे खात्यातल्या लोकांबरोबर निघाले. ओढा उतरेपर्यंत सगळे अलीकडच्या काठावर बसून होते. मग वर चढले. काय बघितलं ते यांनी मला नंतर एकदाच सांगितलं. परत कधी विषय काढला नाही.

खिंडीत तंबू उभा होता. आसपासची झाडं मोडून पडलेली, आणि हा ताठ. तणावे ताणलेले, एकही खुंटी हललेली नाही. चेन बंद. हाका मारल्या. उत्तर नाही. बाहेरून उघडायला पट्टीच नव्हती, म्हणून एकाने पक्कड लावून रनर ओढला.

आत स्लीपिंग बॅग होती. बूट होते, कपडे होते. पाठीचा पट्टासुद्धा होता.

तोळोबा नव्हता.

दरी शोधली, ओढा शोधला, कुत्री आणली. काही मिळालं नाही. चेन आतून बंद असताना माणूस गेला कुठून, हे पोलिसांना सांगता आलं नाही. त्यांनी ‘बेपत्ता’ लिहिलं आणि सामान आम्हाला दिलं.

तंबू घरी आल्यावर मी आधी झरोका बघितला.

आतून शिवलेला होता. अर्ध्यापर्यंत नारिंगी दोरा. पक्की टीप, मी सांगितली तशी, एक टाका मागे घेऊन. घाईत घातलेली, पण नीट. माझ्या पोराची शेवटची शिवण.

पुढचं अर्धं काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

जाड. दुहेरी. एक टाका लांब, एक आखूड.

तो दोरा मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकला होता. ते टाके तोळोबाचे नव्हते. मग त्या रात्री त्याच्याबरोबर आत बसून कोण शिवत होतं? आणि दोघांनी मिळून शिवलं, तरी का वाचला नाही तो?

मला नाही माहीत.

यांनी तंबू वाळवणीच्या खोलीत उभारला. “जसा सापडला तसाच ठेवायचा,” म्हणाले, आणि पक्कड लावून चेन बंद केली. “आला की विचारेल, माझा तंबू कुठे ठेवला.” मी अडवलं नाही. भावाला शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातांनी आला होता, त्याला काय अडवायचं?

सकाळी यांचीच हाक आली. “अगं... लवकर ये. लवकर.”

मी धावत गेले. हे गुडघ्यांवर बसले होते, तंबूच्या दाराकडच्या टोकाशी. राखाडी कापडावर खालच्या बाजूला, झोपलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे, ओला ठसा.

आतून.

मोठा होत होता. लहान होत होता. भराभर, धाप लागल्यासारखा.

‘डोकं दाराकडे,’ मीच सांगितलं होतं त्याला.

“श्वास चालू आहे त्याचा,” हे म्हणाले. यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. “चालू आहे गं!”

यांनी पक्कड लावली. रनर हलेना. जोर लावला. दात एकमेकांत रुतून बसले होते. मी शिवणयंत्रावरची मोठी कातरी आणली.

तुम्ही म्हणाल, कापायचा ना मग! आम्हीही तेच म्हणत होतो. मी कातरी कापडाला टेकवली, आणि माझं लक्ष दुसऱ्या टोकाला गेलं...

झरोक्यावरही ठसा होता.

मी उठून तिकडे गेले. बोट लावलं. बोट ओलं झालं.

तो ठसा बाहेरून होता.

हा आतला श्वास नव्हता. आमच्या खोलीत, भिंत आणि तंबूच्या मधल्या त्या वीतभर जागेत काहीतरी होतं, आणि ते कापडाला तोंड लावून वाट बघत होतं. सावकाश. मी फोनवर ऐकलं होतं तसंच.

माझी कातरी गळून पडली. यांनी उचलली. बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मग माझ्यासमोर धरली.

“तू काप,” म्हणाले. “नाहीतर झरोका उसव. त्याला हवा लागत असेल गं.”

“अहो, उसवला की ते आत जाईल.”

“आणि नाही उसवला तर?”

कातरी यांच्याही हातात होतीच की. पण यांनाही धीर झाला नाही, मलाही नाही. भावाला कोंडून मारायचं की त्याच्या तोंडी द्यायचं, एवढंच आम्ही एकमेकांना विचारत होतो.

रोज सकाळी दोघं जाऊन बसायचो. दाराकडचा ठसा आधी बशीएवढा होता. मग वाटीच्या तळाएवढा झाला. मग नाण्याएवढा. झरोक्यावरचा होता तेवढाच राहिला.

हे कापडाला तोंड लावायचे आणि जोरजोरात फुंकायचे. आपल्या छातीतली हवा भावाला द्यायला बघायचे. मी शेजारी उभी राहून बघायचे. मला माहीत होतं, त्या कापडातून हवा जात नाही. पाणी अडवणारं कापड हवाही अडवतं. पण हे मी यांना कोणत्या तोंडाने सांगू?

एका सकाळी दाराकडचा ठसा नव्हता.

हे फुंकत राहिले. बाहेरून यांच्या श्वासाची ओल धरायची आणि वाळून जायची. धरायची आणि वाळून जायची. शेवटी मी यांना खांद्याला धरून उठवलं. माझा तोळोबा त्या दिवशी गेला, खिंडीत नाही. आमच्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर, माझ्या हातात कातरी असताना गेला.

निघताना मी वळून झरोक्याकडे बघितलं.

तोही कोरडा होता.

तेव्हा मी दगडासारखी झाले होते, त्यामुळे याचा अर्थ लक्षात आला नाही. मी खोलीला कुलूप लावलं, कारण हे उठून उठून तिथे जात होते.

आता लक्षात आलंय. तंबूत कुणी उरलं नाही, मग ते तिथे कशाला थांबेल?

आमच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या वर छोटा झरोका आहे. काच नाही, नुसती जाळी. मीच आग्रहाने ठेवून घेतला होता, हवा खेळती राहावी म्हणून. परवा पहाटे मला जाग आली. तोंडावर वारं येत होतं.

गरम.

मी श्वास रोखला. शेजारी हे पडले होते, यांच्या नाकाखाली हात धरला. हेही जागेच होते. यांनीही श्वास रोखून धरला होता.

चालूच होतं.

उजाडायची वाट बघितली नाही मी. जाड कापड घेतलं, हाताला आला तो दोरा घेतला, पलंगावर चढले आणि जाळीवर ते कापड शिवायला घेतलं. आतून. आयुष्यभर माझा टाका कधी वाकडा गेला नाही. या हाताने मी रांगेत मुंग्या चालाव्यात तसे टाके घातलेत. त्या पहाटे एक लांब पडत होता, एक आखूड. सुई दोनदा बोटात घुसली.

मी दोऱ्याकडे बघितलं. काळा होता. जाड. असला दोरा आम्ही दुकानात ठेवत नाही. तोळोबाचा दोरा संपला तेव्हा त्याच्याही हाताला हाच लागला असेल.

हे खाली बसून बघत होते. मग अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं,

“आता आपल्याला हवा कुठून यायची गं?”

मी सुईत परत दोरा ओवला आणि पुढचा टाका घातला.